संकरित सरकीची शुद्धता आणि केशनलिकेतील परीक्षा

संकरित कपाशीचे बियाणे नुसत्या दिसण्यावरून पारखता येत नाही. खरी संकरित सरकी, मादी वाणाची स्वफलित सरकी आणि चुकून मिसळलेली परक्या वाणाची सरकी अशा तीन सरक्या तळहातावर ठेवल्या, तर मुरलेल्या शेतकऱ्यासही त्यांतील भेद सांगता येणार नाही. भेद कळतो तो पीक उभे राहून पात्या, फुले व बोंडे लागल्यावर. तोपर्यंत मशागत, खत, मजुरी आणि मुख्य म्हणजे हंगाम हे सर्व खर्ची पडलेले असते. खत पुन्हा विकत घेता येते, गेलेला हंगाम विकत घेता येत नाही. म्हणून पेरणीपूर्वीच सरकीची खरी ओळख पटविण्याची जी रीत प्रयोगशाळांनी आता साध्य केली आहे, तिचे स्वरूप शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. या रीतीस केशनलिका विद्युत् संचारण असे म्हणतात.

भेसळ कोठून येते?

भारतात संकरित कपाशीच्या व्यापारी लागवडीस १९७० साली ‘संकर-४’ या वाणाने प्रारंभ झाला. गुजरातेतील सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तो वाण सिद्ध केला. तेव्हापासून हे बियाणे मुख्यतः हातांनीच तयार होत आले आहे. मादी वाणाच्या झाडावर जी कळी दुसऱ्या दिवशी उमलावयाची असते, तिच्यातील पुंकेसरांची नळी दुपारनंतर नखाने अलगद सोलून काढतात आणि कळीवर खुणेसाठी कागदी टोपण घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातील पराग त्या स्त्रीकेसरावर लावतात. अशा बोंडातून निघणारी सरकी संकरित होय.

हे काम दररोज, अनेक आठवडे व असंख्य कळ्यांवर करावे लागते. एखादी कळी नजरेतून सुटली, तर ती स्वतःच्याच परागाने फळते आणि त्या बोंडातील सर्व सरकी मादी वाणाची निघते. शेजारच्या शेतातील पराग मधमाशीने आणला, तर परका संकर तयार होतो. वेचणीच्या वेळी किंवा जिनिंगमध्ये नर वाणाचा कापूस मिसळला, तर तिसऱ्या प्रकारची भेसळ होते. हे सर्व जाणून घेऊनच प्रमाणित संकरित कपाशीच्या बियाण्यास किमान शेकडा ९० जनुकीय शुद्धतेची अट घालण्यात आली आहे. ती अट पुरी झाली आहे की नाही, हा प्रश्न बियाणे पिकविणारा आणि ते पेरणारा या दोघांच्याही पोटाशी निगडित आहे.

लागवड चाचणी व तिची अडचण

शुद्धता पाहण्याची रूढ रीत म्हणजे लागवड चाचणी. बियाण्याचा नमुना शेतात लावून झाडे मोठी होऊ द्यावयाची, पानांचा आकार, फुलांचा रंग, परागांचा रंग, बोंडाची ठेवण पाहून विजातीय झाडे मोजावयाची, असे तिचे स्वरूप आहे. ही रीत भरवशाची आहे आणि तिचे महत्त्व आजही संपलेले नाही. परंतु तिला पुरा हंगाम लागतो. तेवढा काळ बियाणे कोठारात पडून राहते आणि उगवणशक्ती कमी होण्याचा धोका असतो. शिवाय पाऊस, जमीन व कीड यांच्यामुळे झाडाचे रूप बदलते आणि दोन जवळच्या वाणांतील सूक्ष्म भेद झाकला जातो. झाडातील डीएनए मात्र पावसाने अगर खताने बदलत नाही. म्हणून ओळखीची खूण तेथे शोधणे सोयीचे ठरते.

डीएनएमधील खूण

प्रत्येक पेशीत डीएनएचा अतिशय लांब धागा असतो. त्यात चार प्रकारचे घटक जपमाळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक ओवलेले असतात आणि त्यांच्या क्रमात त्या वनस्पतीची आनुवंशिक माहिती साठविलेली असते. या धाग्यावर ठिकठिकाणी दोन-तीन घटकांचा एखादा गट लागोपाठ पुन्हा पुन्हा आलेला आढळतो. एका वाणात तो गट जितक्या वेळा येतो, तितक्याच वेळा दुसऱ्या वाणात येतो असे नाही. समजा, एका ठरावीक जागी दोन घटकांचा गट मादी वाणात १५ वेळा आणि नर वाणात २१ वेळा आला आहे. तर तो तुकडा नर वाणात १२ घटकांनी लांब भरेल. मादीचा तुकडा १५२ घटकांचा असेल, तर नराचा १६४ घटकांचा असेल.

संकरित झाडाला एक वारसा मातेकडून व एक पित्याकडून मिळतो. म्हणून त्याच्यात १५२ व १६४ असे दोन्ही तुकडे सापडले पाहिजेत. केवळ १५२ चा तुकडा सापडला, तर ती मादी वाणाची स्वफलित सरकी होय. केवळ १६४ चा सापडला, तर नर वाणाची सरकी मिसळली आहे. १५२ बरोबर १७० सारखा अनोळखी तुकडा आला, तर परका पराग पडला आहे. याप्रमाणे लांबी अचूक मोजता आली की सरकीचे कुळ कळते. अमेरिकन कपाशीत ५२ गुणसूत्रे असून त्यांत दोन पूर्वजांचे संच एकत्र आलेले आहेत. एकच खूण कधी दोन ठिकाणी उमटून घोटाळा होऊ शकतो. म्हणून दोनतीन निरनिराळ्या खुणा तपासून मगच निर्णय करणे योग्य असते.

नमुन्याची पूर्वतयारी

प्रयोगशाळेत साधारणपणे प्रत्येक सरकी वेगळी रुजवून तिच्या कोवळ्या पानाचा तुकडा घेतात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकीचे टरफल हे मातेच्या झाडाच्या पेशींचे बनलेले असते, आतील अंकुर मात्र माता व पिता या दोघांपासून झालेला असतो. टरफलाचा डीएनए घेतला, तर उत्तम संकरित सरकीही मादी वाणाची भासेल. म्हणून परीक्षा अंकुराची करावयाची, टरफलाची नव्हे.

पान वाटून त्यातील डीएनए रासायनिक द्रवांच्या साहाय्याने वेगळा करण्यात येतो. नंतर पीसीआर या क्रियेने खुणेचा तेवढाच तुकडा वाढविला जातो. ही क्रिया अमेरिकेतील कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधून काढली व त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक आवर्तनात तुकड्यांची संख्या दुप्पट होते. सर्व काही नीट घडल्यास ३० आवर्तनांत एका तुकड्याचे सुमारे १०७ कोटी तुकडे होतात. याच वेळी तुकड्यांच्या टोकाला लेसर किरणांत चमकणारा रंग जोडण्यात येतो.

केसासारखी नळी

विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने पदार्थ वेगळे करण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्ने टिसेलिउस यांनी १९३७ साली रक्तातील प्रथिने या रीतीने वेगळी करून दाखविली आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जेलच्या सपाट पाटावर डीएनएचे तुकडे वेगळे करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. १९८१ साली अमेरिकेतील जॉर्गेनसन व लुकाक्स यांनी हेच काम ७५ मायक्रोमीटर आतील व्यासाच्या काचनळीत उत्तम रीतीने होते हे दाखविले. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

आज वापरात असलेली नळी बहुधा ५० मायक्रोमीटर आतील व्यासाची, म्हणजे आपल्या डोक्यावरील केसाहूनही बारीक पोकळीची असते. ती शुद्ध सिलिकेची असून मोडू नये म्हणून तिच्यावर बाहेरून लवचिक लेप दिलेला असतो. अर्धा मीटर लांबीच्या अशा नळीची पोकळी भरण्यास सुमारे एक सहस्रांश मिलिलिटर द्रव पुरतो. पाण्याच्या एका थेंबात अशा पन्नासएक नळ्या भरतील.

नळी इतकी बारीक का घ्यावयाची, याचे कारण उष्णता हे आहे. तुकडे लवकर व स्वच्छ वेगळे व्हावेत म्हणून विजेचा दाब मोठा लागतो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. नळीच्या दोन टोकांस १५,००० व्होल्टपर्यंत दाब देतात. जाड नळीत एवढ्या दाबाने आतील द्रव तापून ढवळला जाईल आणि वेगळे झालेले तुकडे पुन्हा मिसळतील. बारीक नळीतील उष्णता मात्र चटकन बाहेर निघून जाते. परातीत पसरलेला भात हंडीतील भातापेक्षा लवकर निवतो, तसाच हा प्रकार आहे.

डीएनएवर ऋण विद्युत् भार असतो, त्यामुळे तो धन अग्राकडे ओढला जातो. परंतु मोकळ्या पाण्यात आखूड व लांब तुकडे जवळजवळ सारख्याच वेगाने जातात, कारण लांबीच्या प्रमाणात भार वाढतो तसा अडथळाही वाढतो. म्हणून नळीत बहुवारिकाचा दाट द्राव भरतात. त्याच्या लांब रेणूंची आत जाळी बनते. दाट उभ्या तुरीतून आखूड दोर ओढून नेला तर तो सहज निघतो, लांब दोर जागोजागी अडतो. त्याचप्रमाणे आखूड तुकडे पुढे निघून जातात व लांब तुकडे मागे रेंगाळतात. नळीच्या शेवटी एका छोट्या खिडकीवर लेसरचा किरण पडत असतो. तुकडा तेथून जाताना त्याचा रंग चमकतो आणि यंत्र त्या क्षणाची नोंद आलेखावर एका शिखराच्या रूपाने करते. प्रत्येक नमुन्याबरोबर ज्ञात लांबीचे तुकडे वेगळ्या रंगात मिसळलेले असतात. त्यांच्याशी तुलना करून लांबी निश्चित होते. या रीतीने एका घटकाचा फरकसुद्धा ओळखता येतो आणि एक फेरी साधारण तासाभराच्या आत पुरी होते. मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ साली पूर्ण झाले, त्यात अनेक नळ्या एकाच वेळी चालविणाऱ्या अशा यंत्रांचा फार मोठा वाटा होता.

नमुन्याचे संकेंद्रण

येथे एक अडचण उभी राहते. नळीत शिरणारा नमुना इतका अल्प असतो, की त्यात तुकडे विरळ असले तर शिखर उमटतच नाही. म्हणून तुकडे थोड्या जागेत गोळा करून मग पुढे सोडावे लागतात. यास संकेंद्रण म्हणतात. त्याच्या तीन रीती समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली रीत नळीबाहेरची आहे. मीठ व मद्यार्क यांच्या मिश्रणात डीएनए विरघळून राहू शकत नाही. त्याचा साका वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तळाशी बसवून तो थोड्या पाण्यात पुन्हा विरघळवितात. शंभर भागांतील डीएनए दहा भाग पाण्यात घेतला आणि वाटेत काही वाया गेला नाही, तर तो दहापट दाट झाला. सिलिकेच्या पापुद्र्यावर डीएनए धरून ठेवून थोड्या पाण्याने तो सोडवून घेणे हा याच रीतीचा दुसरा प्रकार होय.

दुसरी रीत नळीच्या तोंडाशीच घडते. नमुना क्षार नसलेल्या द्रवात ठेवला आणि नळीत क्षारयुक्त द्राव असला, तर विजेचा जोर नमुन्याच्या भागात अधिक व नळीतील द्रावात कमी पडतो. त्यामुळे तुकडे नमुन्यातून वेगाने धावत येतात आणि नळीच्या द्रावात शिरताच मंदावतात. सपाट रस्त्यावरून भरधाव आलेल्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी येताच एकीमागे एक दाटीने उभ्या राहतात, तसे तुकडे एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. म्हणून पीसीआरनंतर उरलेले क्षार काढून टाकणे अत्यंत आवश्यक असते. क्षार राहिल्यास दोन प्रकारे हानी होते. विजेचा जोर कमी होतो आणि क्षारांचे लहान कण डीएनएच्या आधी नळीत शिरून त्याची जागा अडवितात.

तिसऱ्या रीतीत डीएनएच्या पुढे अधिक वेगाने जाणारे व मागे अधिक मंद जाणारे असे दोन द्राव योजतात. मधल्या डीएनएला पुढे निसटता येत नाही व मागे राहता येत नाही, त्यामुळे तो दोहोंच्या सीमेवर दाट गोळा होतो. नमुना फार थोडा असेल तेव्हा ही रीत उपयोगी पडते.

संकेंद्रणाचाही अतिरेक होऊ नये. नमुना फार दाट झाला तर शिखरे बेढब होतात, एका रंगाची चमक दुसऱ्या रंगात उमटल्याचा भास होतो आणि मुख्य शिखराशेजारची किरकोळ शिखरे खरी वाटू लागतात. शुद्ध सरकीवर भेसळीचा आरोप येण्याचा संभव तेथे असतो. नमुन्यात परका डीएनए मिसळला असेल, तर तोही संकेंद्रणाने वाढतो. हाताला, कात्रीला वा पाकिटाला लागलेल्या दुसऱ्या झाडाच्या अंशाने निकाल बिघडू शकतो.

किती सरक्या तपासाव्यात?

यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी ते पुढ्यात आलेल्या सरक्यांविषयीच सांगू शकते. समजा, बियाण्याच्या ढिगात शेकडा १० भेसळ आहे व त्यातून केवळ १० सरक्या तपासल्या. अशा शंभर प्रसंगांपैकी सुमारे ३५ प्रसंगी भेसळीची एकही सरकी हाती लागणार नाही आणि ढीग पूर्ण शुद्ध आहे असा खोटा निर्वाळा मिळेल. १०० सरक्या घेतल्या, तर भेसळीची संख्या योगायोगाने ४ पासून १६ पर्यंत कोठेही येऊ शकते. ४०० घेतल्या, तर ती बहुधा २८ ते ५२ च्या दरम्यान, म्हणजे शेकडा ७ ते १३ येईल. सर्व सरक्या एकत्र वाटून एकच नमुना करणे हा यावर उपाय नव्हे. भेसळीत आलेले मादी वाणाचे तुकडे संकरित सरकीतही असतातच, त्यामुळे मिश्रणातून भेसळ मोजता येत नाही. प्रत्येक सरकीची परीक्षा स्वतंत्रच झाली पाहिजे.

ग्रामपातळीवरील काम

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परीक्षेचा पाया प्रयोगशाळेत नसून गावात घातला जातो. विरळ डीएनए दाट करता येतो, परंतु चुकीने घेतलेला नमुना कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही. यासाठी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. बियाण्याचा नमुना एकाच पोत्यातून वा एकाच बाजूने घेऊ नये. अनेक पोत्यांतून, वर, मध्ये व तळाशी असा थोडा थोडा घेऊन तो नीट मिसळावा आणि अर्धा-अर्धा करीत कमी करावा. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे बियाणे निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग होतात. एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्यास देतात, एक परीक्षेस पाठवितात व एक राखून ठेवतात. तिन्ही भाग सारखे असले, तरच पुढील वादात राखून ठेवलेल्या भागाचा उपयोग होतो.

२. उभ्या पिकातील झाडांविषयी शंका असल्यास प्रयोगशाळेच्या सूचनेनुसार पानांचे नमुने घ्यावेत. शेंड्याकडील कोवळे, निरोगी पान घ्यावे, त्यावरील माती व फवारणीचे डाग पुसून काढावेत. एका पाकिटात एकाच झाडाचे पान ठेवावे आणि दर वेळी हात व कात्री स्वच्छ करावी.

३. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. तेथे ते घामेजून कुजते व डीएनएचे तुकडे होतात. कागदी पाकिटात घालून सावलीत लवकर वाळवावे. पाकिटावर झाडाचा क्रमांक, गाव, गट क्रमांक व दिनांक पेन्सिलीने लिहावा, म्हणजे ओल लागून अक्षर पुसले जाणार नाही.

४. वेगळी दिसणारी झाडे तेवढीच निवडू नयेत. आधी नियम ठरवावा, जसे दर दहाव्या ओळीतील दर दहावे झाड, आणि मग जे झाड येईल त्याचेच पान घ्यावे. वेगळ्या दिसणाऱ्या झाडांचे नमुने हवे असतील, तर ते निराळे ठेवून तशी नोंद करावी. नर व मादी या दोन्ही मूळ वाणांचे खात्रीचे नमुने जोडीला मिळाल्याशिवाय तुलना करता येत नाही.

५. शेतकऱ्याने खरेदीची पावती, बियाण्याचे पाकीट, त्यावरील खूणचिठ्ठी व थोडी सरकी कापूस घरी येईपर्यंत जपून ठेवावी. सरकीस विषारी औषध चोळलेले असते, म्हणून ती मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर कोरड्या जागी ठेवावी. तक्रार असल्यास ती लेखी व पीक शेतात उभे असतानाच पंचायत समितीच्या अगर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी.

परीक्षेची मर्यादा

ही परीक्षा सरकीचे कुळ सांगते, तिची उगवणशक्ती सांगत नाही. पाऊस लांबला, पाणी साचले वा बोंडअळी पडली म्हणून आलेल्या नुकसानीचे कारणही ती सांगू शकत नाही. वाण खरा असूनही जमिनीस न मानवणारा असू शकतो. म्हणून उगवण चाचणी, लागवड चाचणी व पिकाची प्रत्यक्ष पाहणी यांची जागा केशनलिकेने घेतलेली नाही. मात्र भेसळ आहे की नाही या एका प्रश्नाचे उत्तर ती पेरणीपूर्वी, थोड्या दिवसांत देऊ शकते. त्या उत्तरावर एका बाजूस बियाणे पिकविणाऱ्याची वर्षभराची मेहनत आणि दुसऱ्या बाजूस ते पेरणाऱ्याचा हंगाम अवलंबून असतो. दोघांनाही न्याय मिळावयाचा, तर नमुना घेणाऱ्याच्या हातात तितकीच काळजी हवी, जितकी कळीतील पुंकेसर सोलणाऱ्याच्या नखात असते.